आमची कॅसेट लावून दाखवा

कार्यालयात त्यांना खात्रीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होते आणि त्याचे वाईटही वाटत नव्हते. ग्राहकांच्या तक्रारी घेण्याच्या खिडकीवर त्यांची निम्मी नोकरी गेली होती. जुन्या वस्तू ऑनलाइन घेऊन हात पोळलेली माणसे रोज समोर येत. एकाच्या खोक्यात कॅमेऱ्याऐवजी साबणाच्या वड्या निघाल्या होत्या. एकाला टेपरेकॉर्डर झकास वाजवून दाखवला होता. आवाज विकणाऱ्याच्या खिशातल्या फोनमधून येत होता, हे त्याला घरी गेल्यावर कळले. बाई सगळ्यांना तेच सांगत. आगाऊ पैसे देऊ नका, चार माणसांत भेटा, आणि वस्तू चालवून बघताना सेल, वायर, कॅसेट, जे लागेल ते स्वतःचे न्या.

आता त्या स्वतःच जुना रेकॉर्डर शोधत होत्या.

त्यांचा नवरा विमा कंपनीसाठी पडझड झालेल्या इमारती तपासायचा. मुठीत मावणाऱ्या रेकॉर्डरवर पाहणी बोलून ठेवायचा, टायपिस्ट ती नंतर उतरवून घ्यायची. मुलगी पोटात असताना तो अपघातात गेला. कंपनीचा माणूस रेकॉर्डर न्यायला आला, तेव्हा त्याला बाहेर बसवून बाईंनी आतल्या खोलीत कॅसेट एकदा शेवटपर्यंत ऐकली. मग यंत्र परत दिले आणि कॅसेट ठेवून घेतली. काड्यापेटीएवढी कॅसेट. छत, भिंती, तडे यांच्या नोंदी संपल्यावर अगदी शेवटी तो पोटातल्या बाळाशी बोलला होता. मुलगीच होणार असे त्याने धरूनच ठेवले होते. ‘ऐकतेस का गं? आज शिडीवरून पडता पडता वाचलो. आईला सांगू नकोस.’

हे शब्द मुलीला पाठ होते. आवाज मात्र तिने कधी ऐकला नव्हता. लहानपणी ती विचारायची, बाबा कसे बोलायचे? बाई म्हणायच्या, कॅसेटमध्ये आहे ना, ऐकशील एक दिवस. असे म्हणता म्हणता तसली यंत्रे बाजारातून गेली. जुन्या फितींवरचा आवाज उतरवून देणारे एक दुकान मुलीने शोधले होते, पण कॅसेट तिथे ठेवून यावी लागणार म्हणून बाईंनी नकार दिला. एकुलती एक वस्तू परक्याच्या ताब्यात कशी द्यायची? मुलगी वैतागली होती. "बाबांना होकार देण्याआधी त्यांचं वॉरंटी कार्ड मागितलं होतंस का गं?" बाई हसल्या होत्या, पण हलल्या नव्हत्या.

शेवटी ॲपवर हवा तसा रेकॉर्डर दिसला. विकणारे दातांचे निवृत्त डॉक्टर होते. बाईंनी त्यांच्याकडून यंत्राच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला, यंत्र चालू असतानाचा व्हिडिओ मागवला, आणि व्हिडिओत शेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र असावे असेही कळवले. डॉक्टरांनी कंटाळा न करता सगळे पाठवले. भेट वाचनालयाच्या पुढच्या दालनात, भर दुपारी ठरली. बाई मुलीला सोबत घेऊन गेल्या. पर्समध्ये नवे सेल होते आणि रुमालात गुंडाळलेली कॅसेट. त्या मापाची दुसरी कॅसेट घरात नव्हती आणि दुकानांतही मिळाली नव्हती.

डॉक्टर आधीच येऊन बाकावर बसले होते. त्यांनी आपली कॅसेट लावली. त्यांचाच तरुण आवाज कुणाच्या तरी किडलेल्या दाढेचे वर्णन करू लागला. पलीकडे पेपर वाचणाऱ्या गृहस्थांनी मान वर करून स्वतःचा गाल चाचपला. मुलीला हसू आले. घेऊन टाक, असे तिने आईला हळूच सांगितले.

बाईंची नजर डॉक्टरांच्या कोटाच्या खिशावर होती. खिसा फुगलेला होता.

"आमची कॅसेट लावून दाखवा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि परत पुढे केली. फीत फार वर्षे एका जागी बसलेली दिसते, ते म्हणाले, वेढे एकमेकांना चिकटले असतील, आधी जाणत्या माणसाकडून सोडवून घ्या. "यंत्र आजच घेऊन जा, बाई. पैसे मागाहून द्या. पण ही इथे लावू नका."

इथे नको, घरी जाऊन बघा. फसलेल्या माणसांच्या तोंडून बाईंनी हे इतक्यांदा ऐकले होते, की बोलणाऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिलाच नाही.

"आई, फसलो तर फसलो," मुलगी म्हणाली. "एक यंत्रच वाया जाईल ना?"

बाईंनी डॉक्टरांचे सेल काढून आपले घातले. कॅसेट बसवली. फीत शेवटाला होती, म्हणून आधी ती उलटी फिरवली. यंत्र कण्हल्यासारखा आवाज करत राहिले आणि एकदाचे थांबले. मग त्यांनी दुसरे बटण दाबले.

आधी खरखर आली. मग कुणीतरी घसा साफ केला. मुलीने बाकाची कड घट्ट धरली.

"उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे," एक पुरुष म्हणाला. सावकाश, जरा कंटाळलेल्या स्वरात.

पुढचा शब्द जाड होत होत खाली गेला आणि बुडाला. डॉक्टरांनी बटण बंद करेपर्यंत फीत चाकांना गुंडाळली गेली होती. त्यांनी खिशातून चष्म्याचे घर काढले, चष्मा लावला आणि एकेक वेढा सोडवू लागले. हात हलका होता. तरी फितीवरचा आवाज धरून ठेवणारा तपकिरी थर भुकटी होऊन त्यांच्या बोटांना लागत होता, आणि मागे नुसती पारदर्शक पट्टी उरत होती.

"मला माफ करा," ते म्हणाले. त्यांची काहीच चूक नव्हती. यंत्रातही दोष नव्हता. ते पैसे घेईनात, तेव्हा बाईंनी पाकीट बाकावर ठेवले.

तिथून बाई सरळ मुलीने शोधलेल्या दुकानात गेल्या. कॅसेट काउंटरवर ठेवली आणि पावतीही न मागता मागे सरकल्या. कारागिराने भिंगातून पाहिले. उलटी फिरवताना थर सोलला गेला होता, त्याने सांगितले. शेवटचा भाग सगळ्यात आधी गेला. न चालवता आणली असती तर काही करता आले असते.

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. मुलगी भांडली असती तर बाईंना बरे वाटले असते. ती भांडली नाही.

"ते शिडीचं वाक्य बाबा कसं म्हणाले होते?" तिने विचारले. "तसं म्हणून दाखव ना, आई."

बाईंनी तोंड उघडले. शब्द सगळे जागच्या जागी होते. आवाज नव्हता. इतकी वर्षे तो कपाटात आहे म्हणून त्यांनी तो मनात जपलाच नव्हता.

मग मुलीने घसा साफ केला आणि ती सावकाश, जरा कंटाळलेल्या स्वरात म्हणाली, "उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे." तिने आईकडे पाहिले. "असंच होतं ना?"

बाईंना खात्री नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "अगदी असंच."