घंटा होईपर्यंत

मी एक टायमर. डोकं धरून पिळलं की मी टिकटिकत शून्याकडे येतो आणि तिथे पोचलो की वाजतो. आत्ता किती वाजले, हे मला आयुष्यात कधी कळलेलं नाही. किती उरलं, एवढंच कळतं.

माझा जन्म खरं तर अंडी उकडण्यासाठी झाला. पण मला घरी आणलं ते ब्रेल लिहिणाऱ्या एका बाईने. अंध मुलांच्या शाळेसाठी ती छापील पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवायची. सहा कळांचं यंत्र, जाड कागद आणि त्यावर उठणारे ठिपके. "एक ठिपका राहिला की तीनाचा एक होतो," ती म्हणायची, "आणि बोलणी बसतात बिचाऱ्या पोरांना."

काम असं डोळ्यांत तेल घालून करायचं, आणि तिचं लक्ष म्हणजे वाऱ्यावरची वरात. फोन वाजला, उठली. खाली कुणी भांडलं, खिडकीत गेली. म्हणून मी आलो. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं आई. दार बंद, फोन स्वयंपाकघरातल्या डब्यात.

तिची आई शेजारच्या खोलीत असायची. ती जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होती. "लाइन चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, एवढं कळतं हो मला, ठिपकेबाई," असं म्हणून तिने नियम मान्य करून टाकला. घंटा झाली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सुटली का शाळा?"

दिवसाला चार पानं व्हायची, ती अकरावर गेली. मला गर्व झाला. खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी भूमितीचं प्रकरण चाललं होतं. मी भिंतीला लागून होतो. पलीकडे कॉट करकरली. आईचा श्वास तोकडा झाला होता.

"किती राहिलं असेल?" ती स्वतःशीच पुटपुटली.

मला माहीत होतं. नऊ मिनिटं.

तिने हाक मारली नाही. भिंतीवर हात टेकल्याचा आवाज आला. ती ठोठावेल असं मला वाटलं. हात तसाच घसरत खाली गेला. इकडे तिची मुलगी, ठिपकेबाई, वाकून ठिपके उठवत होती. तिला माझी टिकटिकही ऐकू येत नव्हती, इतकी ती रमली होती. मी जीव तोडून पळायला बघितलं. पण नऊ मिनिटांना मला नऊच मिनिटं लागतात.

मी वाजलो. भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. मुलीने ओळ पुरी केली, बोटं मोडली आणि मग ती उठली.

"आई?"

आई पायात चपला घालून कॉटच्या कडेला बसली होती, भिंतीला टेकून. डॉक्टर म्हणाले, "दहा मिनिटं आधी कळतं तर..." आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. त्यापेक्षा पुरं केलं असतं तर बरं झालं असतं.

मावशी राहायला आली. आयुष्यभर इस्पितळात नर्स, आवाज असा की तीन वॉर्डांत जावा. महिन्याभराने मुलीने मला पुन्हा पिळलं. नऊ उरली आणि तिची बोटं थांबली.

"मावशी, हाक मारलीस?"

"नाही गं."

रोज तेच. शेवटी ती मला घड्याळजीकडे घेऊन गेली. "नऊवर अडकतो हा," म्हणाली. त्याने मला तीनदा चालवून पाहिलं. "ठणठणीत आहे, ताई." त्याचं खरं होतं. पण मलाही तो हात ऐकू येत होता. मी यंत्र; मला भास व्हायला नकोत.

एका सकाळी मावशी दार ढकलून आत आली. "अगं, शाळेची गाडी खाली उभी आहे. झाली तेवढी पानं दे!"

"मावशी, घंटा होऊ दे..."

मावशीने मला उचललं आणि एका झटक्यात शून्यावर फिरवलं. मी वाजलो. "झाली घंटा. चल."

मुलगी बघतच राहिली. "असं करता येतं?"

"न यायला काय झालं? भाजी आधी शिजली तर काय करपेपर्यंत बसायचं?"

मावशी पानं घेऊन खाली गेली. मुलीने मला पंचवीसवर नेलं, शून्यावर आणलं. मी वाजलो. पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. मग मला छातीशी धरून ती जमिनीवर बसली आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली.

भूमिती पुरी झाली, शाळेत पोचली. आता बीजगणित चालू आहे. दार उघडं असतं. नऊ उरली की ती उठते आणि शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहते. मावशी कॉटवरूनच ओरडते, "जिवंत आहे गं, जा!" मग ती परत येऊन बसते.

तुम्हीही माझ्यासारखं काही टेबलावर ठेवत असाल, तर जरूर ठेवा. मन लावून काम करा. फक्त पलीकडच्या माणसाला सांगून ठेवा, की घंटा कधीही करता येते.

आत्ता ती लिहिते आहे. अकरा मिनिटं उरलीत. अजून दोन गेली की भिंतीवर हात टेकेल, आणि आम्ही दोघंही तो ऐकू.