अध्यक्षांच्या जागेवरचा कांदा

शेवटच्या तारखेला, म्हणजे ३० नोव्हेंबर २००८ ला, हर्षालीच्या मेलमध्ये त्रेपन्न जणांचा मजकूर जमला होता. कविता एकतीस, बालपणीच्या आठवणी चौदा, प्रवासवर्णनं सात आणि कांदा एक. कवितांपैकी एकोणीस चंद्रावर होत्या.

'शब्दओटा' हे नाशिकच्या चौसष्ट ब्लॉगवाल्यांचं मंडळ. त्यांचा पहिला वार्षिकांक निघायचा होता आणि मजकूर गोळा करण्याचं काम हर्षालीच्या गळ्यात पडलं होतं. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती आणि तारखा पाळते असा तिच्यावर आरोप होता. ओट्यावरचा रिवाज लग्नातल्या आहेरासारखा होता. तुम्ही माझ्या ब्लॉगवर 'अप्रतिम' लिहिलंत की मी तुमच्या ब्लॉगवर लिहून फेड करायची. वाचणं ऐच्छिक.

कांदा होता कारभारी देवऱ्यांचा. देवळ्याचा हा तरुण शेतकरी सायबर कॅफेत बसून ब्लॉग लिही. शेतावरच्या हवेशीर कांदाचाळीत साठवलेला कांदा दर सोमवारी तोलून किती सडला, किती वाळला, हे त्याने पाच महिने टिपलं होतं. आहेराच्या भानगडीत तो पडत नसे, म्हणून त्याच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया शून्य. मेल पोचला की नाही हे बघायला तो एसटीने नाशिकला आला.

"ताई, नाव तेवढं छापा," तो म्हणाला. "बाप म्हणतो, पोरगं कॅफेत सिनेमे बघतं. त्याला दाखवायचं हाय."

हर्षालीने शब्द दिला.

अध्यक्ष दिनेशसरांचं मनोगत मात्र येईना. पानं मोकळी दिसू नयेत म्हणून कच्च्या प्रतीत तिने त्या जागी कारभारीचा लेख तात्पुरता ठेवला, वरचं 'अध्यक्षांचं मनोगत' हे शीर्षक काढायचं विसरली आणि प्रत सगळ्यांना पाठवून दिली. दोन दिवसांत अडतीस उत्तरं आली. अध्यक्षांनी काळजाला हात घातला होता. सडण्या-वाळण्याचं रूपक एकीच्या अंगावर आलं होतं.

हर्षाली चूक कबूल करायला कॉलेज रोडवर सरांच्या घरी गेली, तर सरांनी अडतीसही उत्तरं छापून फाइलला लावलेली.

"असू दे तसंच," सर म्हणाले. "लोकांना भावलंय. आता वेगळं लिहिलं तर रसभंग होईल."

"पण सर, तो कारभारी देवऱ्यांचा लेख आहे. नाव त्यांचंच हवं."

"अगं, त्याला ओळखतं कोण? आभारात घालू."

"तुम्ही वाचलात का तो?"

"नजर टाकलीय," म्हणत सरांनी चहा मागवला.

घरी येऊन हर्षालीने ते शीर्षक काढलं. त्या जागी, पान तीनवर, 'चाळीतला कांदा: बावीस सोमवार' असं लिहिलं, खाली कारभारी देवरे, देवळा. एकशे बारा पानांची पक्की प्रत तिने सरांना पाठवली आणि सोबत कळवलं, की पान तीन नीट वाचून होकार द्यावा, त्याशिवाय प्रत छापखान्यात जाणार नाही.

अकराव्या मिनिटाला उत्तर आलं. 'अप्रतिम. छापा.'

अंक जानेवारीत निघाला. कारभारी पाच प्रती घेऊन गेला. बापाने पान तीन दोनदा वाचलं, असं त्याने कळवलं.

पहिल्या महिन्यात अध्यक्षांच्या मनोगताचं कौतुक करणाऱ्या सेहेचाळीस प्रतिक्रिया आल्या. कारभारीच्या ब्लॉगवर एक, हर्षालीची.