माझ्यात व्हायरस नव्हता

मी एक जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे. मित्रांनो, आत्मवृत्त म्हटले की जन्मापासून सुरुवात करतात, पण माझा जन्म मला आठवत नाही आणि तो सांगायची मला हौसही नाही. कुठल्याशा गोदामात माझे भाग जोडले, खोक्यात भरले, आणि खोके उघडले ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या खोलीत. माझे रडगाणे तिथून सुरू होते.

खिडकीपाशी बाईंचे शिवणयंत्र, मधोमध कापड बेतायचे लांब टेबल आणि त्या टेबलाच्या पायाशी, जमिनीवर, मी. मी आलो होतो त्यांच्या लेकीसाठी, पण माझे खरे कौतुक आईला. ती मला रोज कोरड्या फडक्याने पुसायची. तेवढ्याने तिचे समाधान होईना, म्हणून एक दिवस तिने टेप लावून माझे माप घेतले आणि दुहेरी कापडात कापूस भरून मला चक्क अंगरखा शिवला. समोर बटणापुरती गोल खिडकी, मागे वायरींसाठी चीर, कडेने पायपिंग. बसला असा अंगाबरोबर, की मध्ये बोट शिरायला वाव नव्हता. काम चालू असतानाही तो माझ्या अंगावरच असायचा. मी हवा घेतो कुठून, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

टेबलावर कापड कापले की बारीक लव उडते आणि खाली पडते. खाली कोण, तर मी. माझ्या पोटात एक पंखा आहे. तो मागच्या चिरेतून मिळेल तेवढी हवा ओढायचा आणि हवेबरोबर लवही ओढायचा. शेजारच्या शिवणयंत्राला रोज संध्याकाळी ब्रश आणि दर शनिवारी तेल. मला सात वर्षांत कोणी उघडून पाहिले नाही. मी बाहेरून चकचकीत होतो ना!

मग आईची नजर कमी व्हायला लागली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले की आता ती दर महिन्याला थोडी थोडी जाणार. सुईत दोरा ओवणे तिने आधीच सोडले होते. तेव्हा लेकीने ठरवले, आईच्या हातातली सगळी विद्या पुस्तकात उतरवायची. आई सांगायची, लेक माझ्यावर गळ्यांच्या आणि बाह्यांच्या आकृत्या काढायची आणि पडद्यावर वीतवीत मोठ्या करून आईला तपासायला द्यायची. शिवणवर्गाच्या बाईंनी पुस्तक शनिवारी दुपारपर्यंत मागितले होते. पसंत पडले तर नव्या वर्गाला तेच लावणार होत्या. सोमवारी बाह्यांचे प्रकरण सुरू झाले, आणि मी बंद पडू लागलो.

आता हे का, ते नीट ऐका. माझा प्रोसेसर हद्दीबाहेर तापला की मी स्वतःच वीज तोडतो. तोडली नाही, तर जळून जाईन. हा शहाणपणा आहे, पण त्या घरात त्याला नखरा म्हणत. बंद पडलो की लेक लगेच बटण दाबायची. मी तसाच तापलेला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. मग बटण, मग माझ्या डोक्यावर एक चापट, मग पुन्हा बटण.

मंगळवारी मामेभाऊ आला. आल्या आल्या म्हणाला, "व्हायरस आहे. दुसरं काही नाही." त्याने फायली बाजूला काढून मला धुऊन पुसून रिकामे केले आणि सगळे नव्याने भरले. भरतानाच मी दोनदा बंद पडलो. "जबरदस्त व्हायरस आहे," असे म्हणून तो चहा पिऊन गेला. बुधवारी वायरमनने सॉकेट बदलला. गुरुवारी कोणी तरी फोनवरून सांगितले म्हणून माझे तोंड दुसऱ्या दिशेला फिरवले. माझ्या पंख्याची घरघर शिवणयंत्रापेक्षा मोठी झाली होती, पण ती कोणी मनावर घेईल तर शपथ.

शुक्रवारी सकाळी बाहीची आकृती तिसऱ्यांदा गेली. लेकीने कपाळाला हात लावला.

"राहू दे गं," आई म्हणाली. "नाही झालं पुस्तक तर नाही झालं."

"तू गप्प बस ना, आई. तुला यातलं काही कळत नाही."

 आई उठली, चाचपडत माझ्यापाशी आली आणि अंगरखा वर ओढून तिने माझ्या पाठीला हात लावून पाहिला. पाच दिवसांत माझा ताप बघायला हात लावणारी ती पहिलीच.

"केवढा तापलाय हा! सकाळी किती वेळ चालतो?"

"तासभर."

"आणि लगेच परत लावला तर?"

"दहा मिनिटं. का?"

"माझ्या मशीनची मोटर अशीच करायची. लव अडकली की तापायची नि थांबायची. गार झाली की परत चालायची. वायर काढ आणि उघड याला."

झाकण निघाले. पंखा उचलल्यावर खाली लवेचा एवढा दाट थर निघाला, की आईने तो चिमट्याने सबंध उचलला. डोळ्यांना दिसेना म्हणून तिने तो बोटांत चोळला. "ही मखमल. हा फ्लॅनेल." मग तिचा हात खाली पडलेल्या अंगरख्यावर गेला. "आणि हा मीच शिवला. मीच कोंडलं याला."

"मी पण रोज बघतच होते की," लेक म्हणाली. मग अंगरखा उचलत म्हणाली, "तुला कळत नाही म्हटलं मी."

"म्हटलंस खरं. आता ब्रश धर."

मला खरेच रडू आले असते, पण ती सोय माझ्यात नाही.

शनिवारी मी सकाळपासून सलग पाच तास चाललो. शेवटची बाही पडद्यावर आली तेव्हा आई म्हणाली, "मोठं कर." मग म्हणाली, "अजून मोठं कर." सबंध पडद्यावर एकच रेष उरली, तेव्हा कुठे तिने बोट ठेवले. "इथं अर्धा इंच कमी पडतोय. काखेत ओढेल." तो अर्धा इंच लेकीने दुरुस्त केला आणि पुस्तक वेळेत गेले.

मित्रांनो, यंत्र तापून बंद पडले तर बटण पुन्हा दाबू नका. थोडे थांबा, हात लावून बघा, आत बघा. माझे काही अडत नाही, मला नवा पंखाही मिळेल. पण त्या आईच्या सरत चाललेल्या नजरेचे पाच दिवस आम्ही व्हायरस शोधण्यात घालवले, ते तिला कोण परत देणार?