रशियानं खाल्लेल्या घुगऱ्या

मी एक जुना फळा आहे, पण जन्मानं मी दार. पेडगावच्या सिताराम आणि चांगुणाबाईंच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं, ते साल १९७४. वऱ्हाड सांगितल्यापेक्षा दुप्पट आलं आणि भाजी चिरायला जागा पुरेना. तेव्हा मला गोठ्याच्या चौकटीतून बिजागऱ्यांसकट उपसून मांडवात आडवं टाकलं. माझ्या पाठीवर दोन पोती वांगी चिरली गेली. लग्न लागलं, सून घरात आली, पण मला परत बसवायचं कुणालाच सुचलं नाही. बैलांनीही तक्रार केली नाही.

घरची लेक सत्यशीला औरंगाबादला एम.ए. करत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं वस्तीतल्या लिंबाखाली बायांचा दुपारचा वर्ग काढला. चंद्रभान सुतारानं मला रंधा मारला, बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी भुकटी आणि वेलाचा पाला चोळला आणि लिंबाला टेकवून उभं केलं. मित्रांनो, तुम्ही सहाव्या वर्षी अक्षरं शिकता. मी चाळिशीत शिकलो. माझ्यावर पहिला 'अ' काढला तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या, की बिजागऱ्या वाजल्या.

वर्गात धनगरवाड्यातल्या भिवराबाईही यायच्या. त्या एकदा सोनपेठची म्हणून बोरीच्या गाडीत बसल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांनी एस.टी.ची पाटी वाचायचा पण केला होता. त्या शिकायला आमच्या बौद्ध वस्तीत यायच्या, पण बसायला स्वतःची घोंगडी आणायच्या, पाणी स्वतःच्या तांब्यातलं प्यायच्या. सगळ्यांना ते दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं.

सत्यशीलाच्या जिवाला मात्र वेगळाच घोर होता. समाजशास्त्राच्या नजरेनं देशादेशांचे संबंध तपासायचे, असा तिच्या प्रबंधाचा विषय. तिचे प्राध्यापक बन्सीधर सर म्हणत, "समाजशास्त्र गावासाठी ठीक आहे. देशांच्या डोक्यावर ना पाटील, ना पोलीस. तिथं ज्याच्या हाती काठी, त्याची म्हैस." त्यांनी कळवलं होतं, की पेडगावात येऊन बघतो, नाही पटलं तर विषय रद्द. विषय रद्द म्हणजे वर्ष वाया. आणि सितारामांनी सांगून ठेवलं होतं, "यंदा झालं तर झालं. न्हाईतर पुढच्या साली तुझा मांडव." मांडव म्हटलं की मलाही वांग्यांची ती दोन पोती आठवत.

सर दुपारच्या गाडीनं आले. सत्यशीलानं माझ्यावर जगाचा नकाशा काढला आणि बायांना देश वाटून दिले. चांगुणाबाई अमेरिका. भिवराबाई रशिया. नर्मदाबाईंना जपान दिला होता, पण त्या तापानं घरी पडल्या होत्या.

तेवढ्यात भिवराबाईंचे मालक धोंडीबा खांद्यावर कुऱ्हाड टाकून मेंढरांमागं गेले.

सत्यशीलानं विचारलं, "मावशी, कुऱ्हाड बघून भ्यालात का?"

भिवराबाई म्हणाल्या, "मी कशाला भिऊ? घरात त्येच मला भित्यात."

"आणि परका माणूस असता तर?"

"तर आतापतुर कडी लावली असती."

कडी म्हटल्यावर मला जुने दिवस आठवले.

सत्यशीला म्हणाली, "बघा सर. कुऱ्हाड तीच. भीती कुऱ्हाडीची नाही, ती कुणाच्या खांद्यावर आहे त्याची. देशांच्या बॉम्बचंही तसंच."

सर मान हलवून म्हणाले, "हे बोलणं झालं. मला वागणं दाखव." चांगुणाबाईंनी पाहुण्यांसाठी टोपलीभर हरभऱ्याच्या घुगऱ्या उकडल्या होत्या. सरांनी ती टोपली मधोमध ठेवली. "इथं कुणी पोलीस नाही. ज्या देशाला जेवढं पाहिजे तेवढं त्यानं घ्यावं."

सर वही उघडून ओरबाडाओरबाडीची वाट बघत बसले. एक बाई हलली नाही.

शेवटी चांगुणाबाईंनी पदर खोचला. "असं टोपलीत हात घालायला आमी काय ढोरं हाव का? पानं आणा गं." पळसाची पानं मांडली गेली. त्यातलं एक त्यांनी बाजूला भरून ठेवलं.

"हे कुणाचं?" सरांनी विचारलं.

"जपानचं."

"अहो, पण जपान आलंच नाही!"

"न्हाई आलं म्हून काय त्याला उपाशी ठिवायचं? आजारी हाय बिचारं."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. इकडं भिवराबाई तापल्या. "रशियाला शेवटी कामून वाढलं? आमी काय वाटंवर पडलोत?" सर म्हणाले, "घुगऱ्या तर सगळ्यांना सारख्याच आहेत!" भिवराबाई म्हणाल्या, "घुगऱ्याचं कोण बोलायलंय? मानाचं बोलायलोय आमी."

"हो बया, घे," म्हणत अमेरिकेनं स्वतःच्या हातानं रशियाच्या पानावर मूठभर जास्तीच्या टाकल्या. रशियानं रागारागानं बोकणा भरला.

चांगुणाबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला. भिवराबाईंच्या तोंडातल्या घुगऱ्या तोंडातच थांबल्या. आपण कुणाच्या हातचं शिजलेलं खाल्लं, ते त्यांना तेव्हा उमजलं.

त्यांनी सावकाश घास गिळला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "म्या न्हाई खाल्लं. रशियानं खाल्लं."

आधी चांगुणाबाई हसल्या, मग सगळा वर्ग. सर तेवढे हसले नाहीत. सत्यशीला त्यांना म्हणाली, "सर, भूक तीच, घुगऱ्या त्याच, बाईसुद्धा तीच. तिनं स्वतःला काय समजलं, तेवढंच बदललं. देशही स्वतःला आणि शेजाऱ्याला जे समजतात, तसे वागतात. मला एवढंच लिहायचंय."

सरांनी विषयाच्या कागदावर तिथंच सही केली. टेकायला जागा नव्हती, म्हणून माझ्या पाठीवर कागद ठेवून. सितारामांनी मांडवाची गोष्ट परत काढली नाही.

धनगरवाड्यात चार दिवस कुजबुज झाली. विचारणाऱ्याला भिवराबाई एकच सांगत, "रशियाला जाऊन विचारा." पाचव्या दिवशी त्या वर्गात आल्या. चांगुणाबाई शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुटका वाटत होत्या.

भिवराबाईंनी विचारलं, "पोरी, आज म्या कोणता देश?"

"आज देश नाहीत मावशी. आज बाराखडी."

भिवराबाईंनी माझ्यावरची अक्षरं एकदा बघून घेतली. मग चांगुणाबाईंपुढं हात केला. "मग भिवरालाच दे. आन रशियाला दिल्तं त्याच्यापेक्षा कमी देऊ नको."

पुढं वर्ग शाळेत गेला, तिथं नवा फळा आला. मी आता गोठ्यामागं उभा आहे. कोंबड्या माझ्यावर बसतात आणि त्यांना लिहिता येत नसलं तरी त्या काहीबाही उमटवून जातात. मित्रांनो, फळा कोरड्या फडक्यानं पुसा, ओल्यानं लाकूड फुगतं. आणि कुणाला त्याचं नाव, त्याची जात लिहून एका कोपऱ्यात ठेवलं असेल, तर तेही अधूनमधून पुसत जा.

सत्यशीला सोनपेठला शिकवते. भिवराबाई १९७८ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारल्या. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही; त्यांच्या माणसांना दिवसभर भाकरी चांगुणाबाईंनी पोचवली. चांगुणाबाई १९७९ च्या चैत्रात गेल्या.