विभूतीच्या डबीवरचे झाकण

मित्रांनो, मी एक जुने झाकण आहे. अर्धे की पूर्ण, ते मात्र विचारू नका. माझे मलाच ठरवता आलेले नाही.

सोलापूरच्या भवानी पेठेत महादेवप्पांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी मोठ्या कॅमेऱ्याचे पत्र्याचे चांगले झाकण घेतले, कात्रीने मधोमध कापले आणि एका अर्ध्या भागाला काळा रंग दिला. तो भाग म्हणजे मी.

माझे काम सोपे होते. गिऱ्हाईक डावीकडच्या खुर्चीत बसे, तेव्हा मी भिंगाचा उजवा अर्धा भाग झाकायचे. मग तेच गिऱ्हाईक उजवीकडच्या खुर्चीत बसे आणि मला फिरवून डावीकडे लावत. मधल्या वेळात महादेवप्पा दिवा उचलून पलीकडे नेत. "न्हाईतर दोघांच्या सावल्या भांडत्यात की," ते म्हणत. एकाच फिल्मवर तो माणूस दोनदा उमटे. वैरागहून लोक मुद्दाम असा फोटो काढायला येत आणि माझे कौतुक करत. मला खरे तर काहीच कळत नसे. मी एकाच माणसाला पाहिलेले असे, आणि लोक म्हणत, दोघे आहेत. कौतुक मात्र मी मुकाट्याने घेत राहिले.

पुढे ज्याच्या-त्याच्या हाती मोबाइल आले आणि स्टुडिओ बंद झाला. कॅमेरा वैरागच्या एका मास्तरांकडे गेला, दिवा उजनीकाठच्या एका पाहुण्याकडे. मी पेटीत पडून राहिले. एकदा महादेवप्पांच्या पत्नी गौरम्मा तेलाचा गळका डबा पत्रेकाम करणाऱ्या सिद्धनाथकडे कथलाचा डाग द्यायला घेऊन गेल्या. सोबत मलाही नेले. सिद्धनाथला माझी दया आली. त्याने नवा पत्रा कापला, माझ्या अर्ध्याला डाग देऊन जोडला आणि मला पूर्ण गोल केले. केवढा आनंद झाला मला! गौरम्मांनी मला देवघरातल्या विभूतीच्या डबीवर बसवले. रोज सकाळी महादेवप्पा मला उचलत, कपाळाला विभूती लावत आणि परत ठेवत.

गेल्या वर्षी वैदेही नावाची मुलगी आली. ती लग्नाचे फोटो काढते. एका माणसाचे दोन करणे संगणकावर तिला चुटकीसरशी जमते, पण तिला ते कॅमेऱ्यातच, दिव्याच्या उजेडावर करायला शिकायचे होते. महादेवप्पांची नजर तेव्हा अधू होत चालली होती. दिवाळीनंतर फारसे दिसणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. "शिकायचं तर लवकर शीक, बाळ," ते म्हणाले.

वैदेहीने वैरागला जाऊन कॅमेरा मिळवला. दिवा उजनीकाठी केळीच्या शेडमध्ये सापडला. राहिले ते अर्धे झाकण; नवे कापायचे तरी माप त्याचेच हवे होते. महिनाभर त्यांनी घर पालथे घातले. मीही काळजीत पडले. असे कोणते झाकण असेल बरे? मी तर पूर्ण होते, तेव्हा माझा काही संबंध नाही, असेच मला वाटले.

एका सकाळी विभूती घेताना महादेवप्पांचा अंगठा माझ्या डागावर अडकला. ते थांबले.

"गौरम्मा, ह्ये झाकण कुटलं?"

"तुमच्याच पेटीतलं की. तुटलं होतं. सिद्धनाथनं नीट करून दिलं."

"अगं, ह्येच तर अर्धं झाकण आपण शोधतोय!" महादेवप्पा म्हणाले. मला वाटले, माझे काहीतरी चुकले. काय चुकले ते कळेना. मी तर सुधारले होते.

"अप्पा, सिद्धनाथकाकांकडून डाग काढून घेऊ या का?" वैदेहीने विचारले.

"तापवला तर पत्रा वाकंल. काप तू. मला रेघ दिसत न्हाई."

वैदेहीने मला पुन्हा कापले. खूप दुखले. महादेवप्पा माझ्या कडेवरून अंगठा फिरवत सांगत होते, "हितं जास्त हाय. घास." तिने घासले. मग त्यांनी तिला दिवा कधी आणि किती सरकवायचा ते दाखवले आणि स्वतःच दोन्ही खुर्च्यांत आळीपाळीने बसले.

फोटो तयार झाला. गौरम्मा म्हणाल्या, "लई झ्याक आलाय." महादेवप्पांनी तो नाकाशी धरून पाहिला आणि वैदेहीला परत दिला.

"मधी रेघ दिसती का?"

वैदेही फोटो घेऊन दारातल्या उजेडात गेली. तिने 'नाही' म्हणावे, अशी मी मनोमन प्रार्थना करत होते. म्हाताऱ्या माणसाचे मन राखायला तिचे काय जात होते?

"आहे, अप्पा. केसाएवढी. मागच्या पडद्यावर."

मी शरमले. महादेवप्पा मात्र हसले.

"तुला दिसली न्हवं? मग माजं शिकवून झालं. आता दुसरं झाकण तुज्या हातानं काप."

चूक सापडल्यावर माणूस इतका खूश कसा होतो, हे मला अजून समजलेले नाही. त्या दिवशी ते पोटभर जेवले, एवढे मी पाहिले. दिवाळी झाली. आता त्यांना वैदेही आवाजावरून ओळखू येते.

मित्रांनो, एखादी वस्तू अर्धी दिसली की ती पूर्ण करायला लगेच धावू नका. ज्याने ती बनवली, वापरली, त्या माणसाला आधी विचारा. तो माणूस सांगायला आहे, तोवरच विचारा.