गवत नसलेली माती

घटस्थापनेच्या सकाळी आईने बाबांना माती आणायला पिटाळलं. मलकापूरच्या रेल्वे क्वार्टरांत राहणाऱ्यांना शेत कुठलं? पण बाबा दुसरा रूळमार्ग टाकायच्या कामावर मिस्त्री होते. भराव कुठे टिकेल हे बघायला यार्डात खड्डे खणून माती तपासणं हे त्यांचंच काम.

"पायदळी आलेली नको. गवताची काडीबी नको," आई म्हणाली.

"बापा! आमच्या साहेबाचेबी इतके नखरे नाईत."

"साहेबाले मुरूमबी चालते. देवीले चालत नाई."

बाबा घमेलंभर काळी माती घेऊन आले. "घे. सारं यार्ड हिंडलो. यात काडी सापडली तर सांग."

आईने पत्रावळीवर माती पसरून गहू पेरला. उरलेला गहू शेजारच्या जनकाबाईंना दिला. मी भूगर्भावरचं पुस्तक वाचत होते. बाबांनी माझ्या खांद्यावरून अर्धं पान वाचलं. "खाली इतकं काही आहे? अन् आमी कमरेइतकंच खणून राह्यलो!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बूट काढायला ते खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

आम्हाला सुतक, म्हणून आमच्या घटालाही जनकाबाईच पाणी घालत. दसऱ्याला त्यांच्या घटात बोटभर पिवळे कोंब होते. आमची माती होती तशीच.

"माह्याच हातानं काहीतरी चुकलं," आई म्हणाली. "देवीनं घट घेतला नाई. म्हणून हे झालं." त्यानंतर ती धड जेवेना.

भेटायला येणाऱ्यांना मी चहा देत होते. बोलण्यात मी फक्त 'ती दुपार' म्हणत असे. त्या दुपारी जे झालं त्याचा साधा शब्द तोंडातून निघत नव्हता. पण घटाचं कोडं डोक्यातून जाईना. गहू एकाच डब्यातला, पाणी एकाच हाताचं. वेगळी होती ती माती.

मी यार्डात गेले. बाबांबरोबर काम करणारे हिंमतराव मला खड्डे दाखवत फिरले. सगळीकडे पावसाळ्याचं गवत माजलेलं. एका खड्ड्याभोवती मात्र खोलीएवढी जागा टक्कल पडल्यासारखी.

"इथं काऊन काही उगवलं नाई?"

"कोणाले माहीत! मिस्त्रींनी घटाले इथलीच माती नेली. म्हणे, पाह्य हिंमत्या, कशी सोवळी आहे!"

मी प्रत्येक खड्ड्यातली माती वेगळ्या डब्यात आणून गहू पेरला. सगळे डबे हिरवे झाले. त्या एका डब्यातले दाणे फुगून कुजले.

तो डबा मी त्याच खड्ड्यापाशी नेला, तेव्हा हिंमतरावांना आठवलं. "अवं, इथं पत्र्याचं शेड होतं! रुळातलं गवत मारायचं औषध ठेवत. पिपं गळत."

"इथली खणून काढलेली माती आता कुठं जाणार?"

"कॉलनीच्या विहिरीजवळचा खड्डा बुजवायले."

आम्ही एक हिरवा आणि तो उजाड असे दोन डबे घेऊन साहेबांकडे गेलो. "ऑफिसात घट बसवता का?" ते हसले. मग दोन्ही डबे शेजारी ठेवून त्यांनी नीट पाहिले. माती तपासणीला धाडली. औषधाचं विष निघालं. ती जागा खणायला घेतली, तेव्हा मी तळाच्या मातीत पुन्हा पुन्हा गहू पेरून बघत होते. कोंब आला तिथे खणणं थांबलं. काढलेली माती विहिरीपासून लांब, विटांनी बांधलेल्या खड्ड्यात झाकली.

त्या संध्याकाळी मी दोन डबे आईपुढे ठेवले, एक हिरवा आणि एक उजाड.

"गवत नाई म्हणून बाबांले ही माती सगळ्यात स्वच्छ वाटली. तिच्यात औषध मुरलेलं होतं, आई."

तिने कोंबांवरून हात फिरवला. "म्हणजे माही पेरणी..."

"बरोबर होती."

"देवी रागावली नव्हती?"

"नाई."

"मंग ते काऊन..." तिने बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं.

मातीचं उत्तर मी शोधून आणलं होतं. याचं डॉक्टरांनी कधीच दिलं होतं. तो साधा शब्द म्हणायचं तेवढं उरलं होतं.

"त्यांचं हृदय थांबलं," मी म्हणाले. "आई, बाबा मेले."