ज्याचे त्याचे तेजोवलय

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे उजाडण्यापूर्वी घराबाहेर पडले. थर्मासमध्ये रानगुलाबाच्या फळांचा चहा, पिशवीत पाव आणि चीज, गळ्यात कॅमेरा, पाठीवर तिपाई. सुहा कड्याकडे जाणारी पाऊलवाट पिवळ्या पडलेल्या लार्चच्या झाडांतून चढते. पहिल्याच वळणावर ओल्या मुळीवर पालीसारखा एक काळा सॅलमँडर निश्चल बसलेला दिसला. मी पोटावर आडवी झाले आणि त्याच्या पाठीवरचे दवबिंदू टिपू लागले.

तेवढ्यात खालून पावले ऐकू आली. शहरात शेजाऱ्याला न ओळखणारा स्लोव्हेनियन माणूसही डोंगरात समोरच्याला अभिवादन केल्याशिवाय पुढे जात नाही. पण ही पन्नास-साठ माणसे माझ्या बाजूने चक्क मुकाट निघून गेली. त्यांच्यात माझी धाकटी बहीण येर्त्सा होती आणि तिचा नवरा विंको. मी हाक मारली, तेव्हा येर्त्साने ओठांवर बोट ठेवले आणि ती पुढे गेली.

मीही त्यांच्या मागोमाग कड्यावर पोहोचले.

सिल्व्हेस्टर कोत्समुर तिथे दोन्ही हात पसरून उभा होता. पूर्वी तो घरोघर गाद्या विकत असे. आता स्वतःला जैवऊर्जातज्ज्ञ म्हणवतो. आवाज मात्र गाद्या विकणाऱ्याचाच राहिला आहे, मऊ आणि दाबला की पुन्हा वर येणारा. पूर्वेला सूर्य उगवत होता, पश्चिमेची दरी धुक्याने काठोकाठ भरली होती.

"खाली धुक्यात आपापली सावली शोधा," तो म्हणाला. "डोक्याभोवती रंगीत वलय दिसतंय? तो तुमचा प्राण. डॉक्टर तुम्हाला आतून जाळतात, सूर्य आतून उजळतो. ज्याचं वलय पूर्ण, त्याचा आजार संपला. शेजारच्याचंही बघा, पण बोलू नका. कुणाचा दिवा विझलाय हे त्याच्या तोंडावर सांगणं पाप आहे."

लोक रडत होते. गर्दीच्या कडेला नगराध्यक्ष आल्बिन समाधानाने उभे होते. नोव्हेंबरात निवडणूक होती आणि कड्यावर त्यांनी नुकतीच लाकडी बाके बसवून 'प्रकाशस्थळ' अशी पाटी लावली होती. खाली गावातल्या आरोग्य केंद्राची डॉक्टर सोडून गेली, त्याला दोन वर्षे झाली. ती जागा भरणे त्यांना जमले नव्हते. जिथे डॉक्टरची खुर्ची रिकामी राहते तिथे असली बाके भरतात, हे मला त्या सकाळी प्रथमच इतके स्पष्ट दिसले.

नंतर डोंगरावरच्या विश्रामगृहात कुट्टूच्या पिठाचा गरम सांजा आणि ताक समोर ठेवून येर्त्साने मला शांतपणे सांगितले, की ऑगस्टच्या अखेरीपासून तिने कर्करोगावरची केमो बंद केली होती. तिचे वलय पूर्ण होते. पहिल्याच दिवशी तसे दिसले होते आणि आजही.

मी तिला समजावले. सूर्य पाठीशी आणि धुके समोर असले, की धुक्यातले थेंब प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच माघारी धाडतात. तो ज्याच्या डोळ्यांत परततो, त्याला स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती वलय दिसते. शेजारच्याला त्याच्या स्वतःच्या. वीस वर्षांत मी ते कितीदा तरी पाहिले होते.

"ताई, तुझ्याकडे सगळ्यावर उत्तर असतं," ती म्हणाली. "मी मरत नाहीये, यावर पण आहे?"

विंको ताटात बघत राहिला. त्याने आपल्या बायकोला एकदाही दवाखान्यात जा म्हटले नाही, याचे मला नवल वाटले.

पुढच्या शनिवारी मी सर्वांच्या आधी कड्यावर गेले. बाकांना लागूनच, अगदी दरीच्या कडेवर, विश्रामगृहाचा लाकडी संडास आहे. त्याच्या छपराच्या टोकाला मी रुंद भिंगाचा कॅमेरा घट्ट बांधला, धुक्याकडे रोखला आणि खिशातल्या रिमोटच्या कळीने दुरून छायाचित्रे घेत राहिले. सिल्व्हेस्टरचे भाषण तेच होते, रडणेही तेच.

विश्रामगृहात सगळे जमल्यावर मी कॅमेरा मेजावर ठेवला आणि मागचा पडदा एकेकाला दाखवला. धुक्यावर संडासाची चौकोनी सावली पडली होती. तिच्या छपराच्या टोकाभोवती, नेमके कॅमेरा बांधला होता तिथे, लाल, पिवळे, निळे असे सुरेख, पूर्ण तेजोवलय होते. बाजूला ओळीने माणसांच्या सावल्या होत्या. त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्याभोवती काही नव्हते. सिल्व्हेस्टरच्याही नाही.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "म्हणजे आता संडासाच्या पाया पडायचं का?" काही जण हसले. सिल्व्हेस्टरही हसला.

"यंत्राला आत्मा दिसत नाही हो," तो म्हणाला. "ज्याची श्रद्धा कोरडी, त्याला संडासच दिसणार."

नगराध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना तसेच मानायचे होते त्यांनीही वाजवल्या. तेव्हा मी आवाज न चढवता एवढेच म्हणाले, की ज्यांना स्वतःभोवती वलय दिसले त्यांनी हात वर करावा. सगळे हात वर गेले. मग ज्यांना दुसऱ्या कुणाभोवतीही दिसले, त्यांनीच हात वर ठेवावा, असे सांगितले. सगळे हात खाली आले.

टाळ्या थांबल्या. मेजाच्या दोन्ही बाजूंनी माणसे एकमेकांकडे बघू लागली. आई मुलाकडे, नवरा बायकोकडे. आठवडेच्या आठवडे प्रत्येक जण शेजारच्याची मनातल्या मनात कीव करत होता आणि पाप नको म्हणून गप्प बसला होता. फसवणुकीला फार मोठी विद्या लागली नव्हती. माणसांनी एकमेकांना विचारू नये, एवढेच पुरले होते.

सिल्व्हेस्टरने कोट उचलला. दरवाजापाशी कुणी त्याला अडवले नाही.

येर्त्सा नवऱ्याकडे वळली. "माझ्याभोवती तुला दिसलं नव्हतं?"

"नाही," विंको म्हणाला. "माझंच दिसलं."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मलाही तुझं दिसलं नव्हतं. मी रोज रात्री तुझ्यासाठी प्रार्थना करत होते. आणि तू?"

त्याने समोरचा पेला बाजूला सरकवला.

"या वर्षी थंडीसाठी लाकडं निम्मीच फोडलीस," ती सावकाश म्हणाली. "मी विचारलं, तर म्हणालास पाठ दुखते."

"येर्त्सा, मला वाटलं..."

"एकट्यापुरती फोडलीस."

तो रडू लागला. मला त्याची कीव आली नाही, आणि न येण्याची लाजही वाटली नाही. तो दुष्ट नव्हता. त्याला कुणीतरी सांगितले आणि त्याने ते मान्य केले. शेजारी बसलेल्या जिवंत बायकोला एक प्रश्न विचारायचे धाडस तेवढे त्याला झाले नाही. वाचकहो, चमत्कार जेव्हा 'बोलू नका' असे सांगू लागतो, तेव्हा बोला. शेजारच्याला विचारा, त्याला काय दिसते ते. डोळे सगळ्यांना आहेत. ते एकमेकांशी ताडून पाहणे यालाच आपण विज्ञान म्हणतो, आणि ते करायला कोणतीही पदवी लागत नाही.

निवडणुकीत आल्बिन पुन्हा निवडून आले. पाटी अजून तिथेच आहे.

पण हे नंतरचे. त्या सोमवारी सकाळी येर्त्साने ल्युब्लियानाच्या रुग्णालयात स्वतः फोन केला आणि किती आठवडे औषध घेतले नाही ते काहीही न लपवता सांगितले. पलीकडच्या डॉक्टरने तारखा लिहून घेतल्या. मग तिने उद्याच या म्हटले. गाठ किती वाढली असेल याबद्दल तिने कोणतेही आश्वासन दिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला न्यायला गेले, तेव्हा विंको गाडीची किल्ली घेऊन अंगणात उभा होता. येर्त्साने पिशवीत दोन झगे, लोकरीची टोपी आणि चपला भरल्या. त्याच्याजवळून जाताना ती म्हणाली, "तू घरी थांब." मग ती माझ्या गाडीत बसली, पट्टा लावला आणि आम्ही निघालो.